‘लेंड’ व ‘बॉरो’ : देणाऱ्याचे क्रियापद आणि घेणाऱ्याचे क्रियापद
(इयत्ता 5 वी ते 7 वीच्या इंग्रजी अध्यापनासाठी पाठटिपण)

1. प्रास्ताविक

हुपरीतील एखाद्या प्राथमिक शाळेत सातवीचा वर्ग चालू आहे, अशी कल्पना करावी. ‘माझे घर’ या विषयावर इंग्रजीत दहा वाक्ये लिहावयास सांगितली आहेत. हुपरी हे चांदीच्या दागिन्यांचे गाव. तेथे चांदी आटविणे, पट्टी व तार ओढणे, डाग देणे, घुंगरे बसविणे, उजाळा देणे ही कामे निरनिराळ्या हातांनी होतात, आणि पैंजणाच्या कड्या जोडण्यासारखी कामे कित्येक घरांच्या ओसरीवर चालतात. अशाच एका घरातील मुलगी आपल्या वहीत लिहिते : ‘द ट्रेडर बॉरोज सिल्व्हर टु माय मदर.’

शिक्षक वही तपासतात. ‘बॉरोज’ या शब्दावर तांबडी रेघ मारून ते वर ‘लेंड्ज’ असा शब्द लिहितात. व्याकरणाच्या दृष्टीने वाक्य आता निर्दोष झाले. परंतु मुलगी वही घेऊन टेबलाशी येते आणि म्हणते, “गुरुजी, आईनं चांदी उसनी घेतलेली नाही. चांदी शेठजींची. आई नुसत्या कड्या जोडती आणि वजन करून परत देती.”

या छोट्याशा प्रसंगात दोन चुका आहेत. पहिली मुलीची, व ती व्याकरणाची आहे. दुसरी शिक्षकाची, व ती अर्थाची आहे. मुलीच्या चुकीने वाक्य मोडले, तर शिक्षकाच्या दुरुस्तीने तिच्या आईच्या माथी नसलेले ऋण बसले. पहिली चूक बहुतेक सर्व वर्गांत आढळते व तिचा परिहार करणे सोपे आहे. दुसरी सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. प्रस्तुत पाठात या दोहोंचा क्रमाने विचार केला आहे.

2. घोटाळ्याचे मूळ मराठीत आहे

मुले ‘लेंड’ व ‘बॉरो’ यांत गफलत करतात ती आळसाने नव्हे. तिचे कारण मातृभाषेच्या रचनेत आहे. मराठीत ‘उसने’ हा एकच शब्द दोन्ही पक्षांस चालतो. देणारा ‘उसने देतो’ आणि घेणारा ‘उसने घेतो’. व्यवहाराची दिशा ‘देणे’ व ‘घेणे’ या साध्या क्रियापदांनी दाखविली जाते. कर्जाचे तसेच : कर्ज देणे, कर्ज घेणे. भाड्याचेही तसेच : भाड्याने देणे, भाड्याने घेणे.

इंग्रजीत दिशा क्रियापदाच्या पोटातच असते. ‘लेंड’ या शब्दात ‘देणे’ आहे; ‘बॉरो’ या शब्दात ‘घेणे’ आहे. शब्दसूचीत ‘बॉरो : उसने’ एवढेच पाठ केलेला विद्यार्थी स्वाभाविकपणेच ‘बॉरो’ म्हणजे ‘उसने’ असे समीकरण मनात धरतो, आणि ‘त्याने मला पेन उसने दिले’ याचे भाषांतर ‘ही बॉरोड मी अ पेन’ असे करून मोकळा होतो. त्याने नियम मोडलेला नसतो, केवळ मराठीचा नियम इंग्रजीस लावलेला असतो.

म्हणून शब्दसूची देताना शिक्षकांनी अर्धा अर्थ कधीही लिहू नये. ‘लेंड म्हणजे उसने देणे’ व ‘बॉरो म्हणजे उसने घेणे’ असा पूर्ण अर्थ फळ्यावर लिहावा आणि ‘देणे’ व ‘घेणे’ या शब्दांखाली रंगीत खडूने रेघ ओढावी. पुष्कळसा घोटाळा एवढ्यानेच दूर होतो.

हा अडथळा केवळ मराठी मुलांनाच येतो असे समजू नये. इंग्रजीची भगिनी असलेल्या जर्मन भाषेत ‘लाइहेन’ व ‘बोर्गेन’ ही दोन्ही क्रियापदे देण्याच्या व घेण्याच्या अशा दोन्ही अर्थांनी वापरतात. तेव्हा जर्मन विद्यार्थीही इंग्रजी शिकताना याच ठिकाणी अडखळला तर त्यात नवल नाही. हे वर्गात सांगितल्यास मुलांच्या मनातील संकोच कमी होतो.

3. वाक्यरचनेचे नियम

पहिला नियम कर्त्याचा. वस्तू ज्याच्या हातून जाते तो ‘लेंड’चा कर्ता, वस्तू ज्याच्या हाती येते तो ‘बॉरो’चा कर्ता.

दुसरा नियम अव्ययाचा. ‘लेंड’बरोबर ‘टु’ येते, ‘बॉरो’बरोबर ‘फ्रॉम’ येते. मराठीतील ‘-ला’ व ‘-कडून’ हे प्रत्यय येथे उत्तम वाटाडे ठरतात. ‘रामने श्यामला छत्री दिली’ यातील ‘-ला’ म्हणजे ‘टु’. ‘श्यामने रामकडून छत्री घेतली’ यातील ‘-कडून’ म्हणजे ‘फ्रॉम’.

‘राम लेंट हिज अम्ब्रेला टु श्याम.’
‘श्याम बॉरोड अ‍ॅन अम्ब्रेला फ्रॉम राम.’

घटना एकच घडली. वाक्ये मात्र दोन झाली, कारण एकदा ती रामच्या बाजूने सांगितली व एकदा श्यामच्या. ही गोष्ट मुलांच्या मनावर नीट ठसली की निम्मा पाठ झाला असे समजावे.

तिसरा नियम कर्माचा. ‘लेंड’ला दोन कर्मे लागू शकतात. ‘लेंड मी युवर पेन’ हे वाक्य शुद्ध आहे. यात ‘मी’, म्हणजे ‘मला’, हे एक कर्म व ‘पेन’ हे दुसरे. ‘बॉरो’ला मात्र वस्तू हे एकच कर्म लागते. त्यामुळे ‘बॉरो मी युवर पेन’ असे म्हणता येत नाही. पेन मागण्याची शुद्ध वाक्ये दोन आहेत : ‘कॅन यू लेंड मी युवर पेन?’ आणि ‘कॅन आय बॉरो युवर पेन?’ पहिल्यात ‘तू’ कर्ता आहे, दुसऱ्यात ‘मी’. ही दोन वाक्ये तोंडपाठ करून घेण्यास हरकत नाही, कारण मुलांना ती रोज उपयोगी पडतील.

चौथा नियम भूतकाळाचा. ‘लेंड’चा भूतकाळ ‘लेंट’ होतो. तो लिहिताना शेवटचा ‘डी’ काढून ‘टी’ घालावयाचा. ‘लेंडेड’ असे रूप नाही. ‘सेंड–सेंट’, ‘स्पेंड–स्पेंट’, ‘बेंड–बेंट’ या जोड्या सोबत दिल्यास रूप पक्के होते. ‘बॉरो’चा भूतकाळ नियमित आहे, ‘बॉरोड’. त्याच्या लेखनात ‘आर’ हे अक्षर दोनदा येते, याकडे लक्ष वेधावे.

4. ‘उसने’, ‘उधार’, ‘कर्ज’ : मराठीतील सूक्ष्म भेद

व्यवहाराच्या बाबतीत मराठी भाषा अत्यंत काटेकोर आहे. शेजारणीकडून वाटीभर साखर आणली तर ती ‘उसनी’. ती खाऊन संपते; परत द्यावयाची ती तीच साखर नव्हे, तर तेवढीच दुसरी. दुकानातून साखर आणून पैसे मागाहून द्यावयाचे ठरविले तर ती ‘उधार’. येथे साखर परत जात नाही, पैसे जातात. पतसंस्थेतून रक्कम आणून व्याजासह फेडावयाची तर ते ‘कर्ज’. विश्वासासाठी दागिना ठेवून रक्कम आणली तर दागिना ‘गहाण’ पडला. सायकल ठरावीक पैसे देऊन दिवसभर वापरली तर ती ‘भाड्याने’ घेतली. आणि शेजाऱ्याची शिडी तासाभरासाठी आणली, तर बहुधा त्यास कोणी उसनेही म्हणत नाही. ‘जरा शिडी द्या’ एवढे बोलणे पुरते, कारण ती परत यावयाची आहे हे उभयतांस ठाऊकच असते.

इंग्रजीत हे भेद वेगळ्या रीतीने पडतात. साखर, शिडी व बँकेची रक्कम या तिन्हींस ‘बॉरो’ व ‘लेंड’ चालतात, म्हणजे मराठीतील ‘उसने’, ‘तात्पुरते वापरावयास’ व ‘कर्ज’ हे तिन्ही अर्थ त्यांत सामावतात. परंतु उधारीस ती चालत नाहीत. तेथे ‘बाय ऑन क्रेडिट’ असे म्हणावे लागते. भाड्यासही चालत नाहीत. तेथे ‘हायर’ किंवा ‘रेंट’ हे शब्द आहेत. गहाणासही चालत नाहीत. तेथे ‘पॉन’, आणि जमीन असल्यास ‘मॉर्गेज’.

येथे आणखी एक बारकावा आहे. मराठीत शिडी मागताना ‘द्या’ म्हटले तरी परत करण्याचा भाव गृहीत असतो. इंग्रजीत ‘गिव्ह’ म्हटले की वस्तू कायमची दिली असा अर्थ निघू शकतो. म्हणून परत करावयाची वस्तू मागताना ‘गिव्ह मी’ऐवजी ‘लेंड मी’ म्हणणे अधिक बरे. तसेच, वस्तू जागेवरून हलवावयाची नसेल तर ‘बॉरो’ शोभत नाही. दुसऱ्याच्या घरी बसूनच त्याचे टेबल वापरले तर ते ‘यूज’ केले, ‘बॉरो’ केले नाही.

प्राथमिक शिक्षकांस जवळचे असे एक उदाहरण अंकगणितातील आहे. वजाबाकी करताना एककाच्या घरी अंक अपुरा पडला म्हणजे दशकाच्या घरातून एक दशक घेतला जातो. इंग्रजी अंकगणितात या क्रियेस ‘बॉरो’ म्हणतात. चौकस विद्यार्थी विचारील, “घेतलेला दशक परत कोठे दिला?” प्रश्न योग्य आहे. या रीतीत तो परत दिला जात नाही. वजाबाकीच्या दुसऱ्या एका रीतीत वरच्या अंकात दहा एकक मिळवून खालच्या अंकात एक दशक मिळवितात. तेथे मात्र घेतलेले फेडले जाते असे म्हणता येईल. पहिल्या रीतीत ‘बॉरो’ हा शब्द केवळ रूढीने आला आहे. रूढी व अर्थ यांतील हा फरक समजून घेण्याची सवय मुलांना लहानपणीच लागावी.

शब्दांच्या बाबतीतही असेच होते. एका भाषेने दुसरीकडून घेतलेल्या शब्दांस ‘बॉरोड’ म्हणतात, पण ते कधी परत केले जात नाहीत. ‘कर्ज’ व ‘सराफ’ हे शब्द मुळात अरबी. ते फारसीच्या वाटेने मराठीत आले आणि येथेच राहिले. उलट, मराठीचा ‘मुंगूस’ इंग्रजीत जाऊन ‘मंगूस’ झाला.

5. शब्दांची कुळकथा

‘बॉरो’ हा शब्द जुन्या इंग्रजीतील ‘बोर्ग’ या शब्दापासून आला. त्याचा अर्थ हमी, तारण किंवा जामीन असा होता. म्हणजे आरंभी ‘बॉरो’ करणे याचा अर्थ ‘हमी देऊन घेणे’ असा होता. वस्तू घेणारा आपला शब्द गुंतवीत असे. परत करण्याची जबाबदारी या क्रियापदाच्या जन्मापासून त्याच्यासोबत आहे.

‘लेंड’ हे क्रियापद जुन्या इंग्रजीत ‘लॅनन’ असे होते. त्यातील ‘डी’ हा वर्ण मागाहून, भूतकाळी रूपाच्या प्रभावाने चिकटला. त्याचा नातलग असलेला ‘लोन’ हा शब्द उत्तरेकडील नॉर्स भाषेतून इंग्रजीत आला. या दोहोंचे मूळ ‘मागे ठेवणे, सोडणे’ अशा अर्थाच्या ज्या प्राचीन धातूत आहे, त्याच धातूपासून संस्कृतातील ‘रिच्’ हा धातू व ‘रिक्त’ हा शब्द निघाला. देणारा आपली वस्तू काही काळ सोडतो, त्याचा हात रिक्त होतो, अशी आठवण ठेवल्यास ‘लेंड’ म्हणजे देणे हे विसरणार नाही. संस्कृत ‘ऋण’ हा शब्द ऐकावयास जवळचा वाटला तरी त्याचे कूळ निराळे आहे. ध्वनिसाम्यावरून नाते जोडू नये.

‘लोन’ हा शब्द नाम म्हणून सर्वत्र चालतो. क्रियापद म्हणून तो अमेरिकेत विशेष रूढ आहे. शालेय लेखनात क्रियापदासाठी ‘लेंड’ व नामासाठी ‘लोन’ ही विभागणी पाळणे इष्ट.

6. हुपरीचे वाक्य : ऋण की सोपवणूक?

आता त्या मुलीच्या आक्षेपाकडे वळावे. व्यापाऱ्याने तिच्या आईच्या हाती चांदी दिली, ती वजन करून दिली, आणि ती परतही यावयाची आहे. मग तिला ‘लेंड’ का म्हणू नये?

कारण ‘लेंड’ व ‘बॉरो’ यांत वस्तू घेणाऱ्याच्या उपयोगासाठी दिलेली असते. पेन घेणारा स्वतःसाठी लिहितो, साखर घेणारा स्वतः खातो, कर्ज काढणारा ते पैसे स्वतःच्या कामी लावतो. कड्या जोडणारी स्त्री चांदी स्वतःसाठी वापरीत नाही. चांदी व्यापाऱ्याची, दागिना व्यापाऱ्याचा. तिचे आहेत ते श्रम, आणि त्यांची मजुरी तिला व्यापाऱ्याकडून येणे असते. म्हणजे काम पुरे झाले की तीच घेणेकरी ठरते व व्यापारी देणेकरी! ‘लेंड’ या शब्दाने हे नाते नेमके उलटे होते.

हा केवळ शब्दांचा खेळ नव्हे. आपल्या प्राचीन धर्मशास्त्रानेही हे दोन व्यवहार वेगळे मानले आहेत. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात विवादांचे जे अठरा विषय सांगितले आहेत, त्यांत ‘ऋणादान’ हा पहिला व ‘निक्षेप’, म्हणजे विश्वासाने सोपविलेली ठेव, हा दुसरा आहे. 1872 च्या भारतीय करार अधिनियमातही विशिष्ट हेतूने वस्तू दुसऱ्याच्या स्वाधीन करण्याच्या व्यवहारास कलम 148 पासून स्वतंत्र प्रकरण दिले आहे. त्याच अधिनियमाच्या कलम 170 खाली जवाहिऱ्याचे एक उदाहरण आहे. एकाने कच्चा हिरा पैलू पाडण्यासाठी जवाहिऱ्याच्या स्वाधीन केला व जवाहिऱ्याने काम पुरे केले. तर मोबदला मिळेपर्यंत हिरा आपल्यापाशी ठेवून घेण्याचा त्यास अधिकार आहे. उदाहरणात हिरा ‘स्वाधीन केला’ असे म्हटले आहे, ‘उसना दिला’ असे नाही.

परिणामातही मोठा फरक पडतो. कर्जाऊ आणलेली रक्कम चोरीस गेली तरी कर्ज फेडावेच लागते. परंतु सोपविलेल्या वस्तूची एखाद्या समंजस माणसाने स्वतःच्या वस्तूची घ्यावी तेवढी काळजी घेतली असेल, आणि करारात वेगळे काही ठरले नसेल, तर ती गमावल्याबद्दल घेणारा जबाबदार धरला जात नाही. कलम 151 व 152 यांचा आशय असा आहे. एक क्रियापद चुकले म्हणजे जबाबदारीची सारी मांडणीच कशी बदलते, हे यावरून ध्यानात येईल.

तेव्हा शिक्षकांनी कोणती दुरुस्ती करावयास हवी होती? साधी वाक्ये अशी होतील : ‘द ट्रेडर गिव्ज माय मदर सिल्व्हर टु वर्क ऑन.’ किंवा, ‘माय मदर मेक्स चेन्स फ्रॉम द ट्रेडर्स सिल्व्हर.’ दुसरे वाक्य अधिक चांगले, कारण त्यात चांदी कोणाची हे स्पष्ट होते आणि आई ही कर्त्याच्या जागी येते. ‘गिव्ह’ या शब्दाने कायमचे देणे सूचित होते असे वर म्हटले आहे. परंतु ‘टु वर्क ऑन’ हे शब्द जोडल्याने तो दोष उरत नाही.

हुपरीचे उदाहरण येथे दिले असले तरी असे व्यवहार गावोगावी आहेत. शिंप्याकडे टाकलेले कापड, गिरणीत ठेवलेले दळण, सुताराकडे दिलेले लाकूड यांपैकी काहीही उसने दिलेले नसते. प्रत्येक शिक्षकाने आपल्या गावातील असा एक व्यवहार शोधून वर्गात घ्यावा.

7. हा भेद शिकविण्याचे महत्त्व

कोण देतो, कोण घेतो व कोणाचे कोणाकडे किती उरले, हे नीट वाचता न आल्याने महाराष्ट्रातील शेतकऱ्याने पूर्वी फार सोसले आहे. 1875 साली पुणे जिल्ह्यातील सुपे येथे सुरू झालेल्या आणि पुणे व नगर या जिल्ह्यांत पसरलेल्या दंग्यांत शेतकऱ्यांचा रोख सावकारांच्या घरांतील खतांवर व वह्यांवर होता. ते कागद हस्तगत करून जाळण्यात आले. त्या कागदांवर अंगठा उठविणाऱ्या पुष्कळांस त्यांतील मजकूर वाचता येत नव्हता. पुढे 1879 साली दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. खते गावच्या निबंधकासमोर लिहिली जावीत व ऋणकोस पावती मागता यावी, अशा तरतुदी त्यात होत्या. महात्मा जोतीराव फुले यांनी 1882 साली हंटर आयोगासमोर सादर केलेल्या निवेदनात बहुजनांच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी आग्रहाने मांडली. करवीर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी 1917 साली सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा उपक्रम हाती घेतला. सामान्य माणसास आपला व्यवहार आपल्या डोळ्यांनी वाचता यावा, हाही या प्रयत्नांचा एक हेतू म्हणावा लागेल.

आज त्या कागदांची जागा बँकेच्या व पतसंस्थेच्या अर्जांनी घेतली आहे, आणि त्यांपैकी अनेक इंग्रजीत असतात. त्यांत ‘लेंडर’ व ‘बॉरोअर’ हे दोन शब्द वारंवार येतात. ‘लेंडर’ म्हणजे धनको, ‘बॉरोअर’ म्हणजे ऋणको. हप्ता कोणी भरावयाचा, व्याज कोणास मिळावयाचे, मुदत चुकल्यास कोणाचा अधिकार चालावयाचा, हे सारे या दोन शब्दांवर अवलंबून असते. महाराष्ट्रात 2000 सालापासून मराठी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी शिकविले जाते. सातवीपर्यंत इंग्रजी शिकलेल्या मुलास घरी आलेल्या अर्जातील हे दोन शब्द ओळखून आईवडिलांस समजावून देता आले नाहीत, तर ते शिक्षण अपुरे म्हटले पाहिजे.

8. वर्गपाठाची रूपरेषा

साहित्य : एक पट्टी, एक पुस्तक, शाळेच्या ग्रंथालयाची देवघेव वही, दोन रंगांचे खडू.

प्रस्तावना : शिक्षकांनी मराठीतच विचारावे : ‘उसने आणलेली वस्तू व विकत आणलेली वस्तू यांत फरक कोणता?’ ‘परत करावी लागते’ हे उत्तर मुलांकडूनच येऊ द्यावे.

हेतुकथन : ‘आज आपण वस्तू उसनी देणाऱ्याचे व उसनी घेणाऱ्याचे, अशी इंग्रजीतील दोन क्रियापदे शिकणार आहोत.’

विषयविवेचन : दोन विद्यार्थ्यांस समोर उभे करावे. पहिल्याने दुसऱ्यास पट्टी द्यावी. फळ्यावर दोघांची नावे लिहून मध्ये बाण काढावा. बाण जेथून निघतो तेथे ‘लेंड’ व टोक जेथे पोहोचते तेथे ‘बॉरो’ असे लिहावे. मग पहिल्याने म्हणावे, ‘आय लेंट माय रूलर टु हिम.’ दुसऱ्याने म्हणावे, ‘आय बॉरोड अ रूलर फ्रॉम हिम.’ पट्टी परत करताना तिसरे वाक्य घ्यावे, ‘आय रिटर्न्ड द रूलर.’ हे तिसरे वाक्य गाळू नये. परत करण्यानेच व्यवहार पुरा होतो. वर्गात मुलीही असल्यास ‘हिम’ऐवजी ‘हर’ योजून सराव घ्यावा.

संकलन : देवघेव वहीतील एक ओळ वाचून दाखवावी. त्या ओळीवरून प्रथम ग्रंथालयाच्या बाजूने व नंतर विद्यार्थ्याच्या बाजूने वाक्य करून घ्यावे. ग्रंथालय पुस्तक ‘लेंड’ करते, वाचक ते ‘बॉरो’ करतो. कोल्हापुरात 1850 साली स्थापन झालेले करवीर नगर वाचन मंदिर हे उदाहरण देऊन सार्वजनिक ग्रंथालयाची माहितीही सांगता येईल.

उपयोजन : खालील स्वाध्याय द्यावा.

9. स्वाध्याय

पुढील मराठी वाक्ये इंग्रजीत कोणत्या क्रियापदाने सांगावीत ते लिहा. ‘लेंड’, ‘बॉरो’ किंवा ‘दोन्ही नाहीत’, यांपैकी एक निवडा व कारण द्या.

(1) मावशीने आईला दोन वाट्या ज्वारीचे पीठ उसने दिले.
(2) बाबांनी सोसायटीकडून पीककर्ज घेतले.
(3) दादाने दुकानातून वह्या उधार आणल्या.
(4) सुमनने ताईकडून कंपास आणली. उद्या ती परत करील.
(5) आजोबांनी बैलगाडी शेजाऱ्यांस एक दिवस वापरावयास दिली.
(6) काकांनी लग्नासाठी मंडप भाड्याने आणला.
(7) शेठजींनी कारागिराकडे पैंजण घडविण्यासाठी चांदी दिली.
(8) वाचनालय एका वेळी दोन पुस्तके देते.

उत्तरे : (1) लेंड. (2) बॉरो. (3) दोन्ही नाहीत. ही खरेदीच आहे, पैसे तेवढे मागाहून द्यावयाचे. (4) बॉरो. (5) लेंड. (6) दोन्ही नाहीत. मोबदला देऊन घेतलेली वस्तू ‘हायर’ केली जाते. (7) दोन्ही नाहीत; चांदी कामासाठी सोपविली आहे. (8) लेंड.

तिसऱ्या, सहाव्या व सातव्या वाक्यांवर विशेष वेळ द्यावा. रिकाम्या जागा भरण्याच्या नेहमीच्या स्वाध्यायात दोनच पर्याय असतात. त्यामुळे विद्यार्थी नाणे उडवावे तसे उत्तर देतो आणि निम्म्या वेळा बरोबर ठरतो. ‘दोन्ही नाहीत’ हा तिसरा पर्याय ठेवला की त्यास व्यवहाराचा विचार करावाच लागतो.

10. वही तपासताना

अखेरीस शिक्षकांसाठी एक सूचना. भाषेची वही तपासताना आपण बहुधा वाक्य तपासतो; ते वाक्य ज्या गोष्टीविषयी आहे ती तपासत नाही. मूल आपल्या घराविषयी लिहिते तेव्हा त्या विषयातील जाणकार तेच असते. शंका आल्यास तांबडी रेघ मारण्यापूर्वी विद्यार्थ्यास जवळ बोलावून मराठीत विचारावे, “बाळ, तुला यात काय सांगावयाचे आहे?” त्याचे उत्तर ऐकल्यावरच योग्य इंग्रजी क्रियापद सुचवावे.

हुपरीच्या त्या मुलीने दुरुस्ती निमूटपणे उतरून घेतली असती तर तिला गुण मिळाले असते, पण तिचे वाक्य खोटे झाले असते. ती टेबलापर्यंत आली ही तिची हुशारी. तिचे म्हणणे ऐकून घेऊन गुरुजींनी आपली तांबडी दुरुस्ती खोडली आणि तिच्याकडून नवे वाक्य लिहवून घेतले, तर तो पाठ खऱ्या अर्थाने सफल झाला असे म्हणता येईल.